सातव्या गाण्यापर्यंतची टेप

लेनर्ड प्रुइटचा डावा कान डेट्रॉइटच्या पत्रा दाबायच्या कारखान्यात गेला. सत्तावीस वर्षं प्रेसच्या धडधडाटात उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? कारखाना बंद पडला तेव्हा उजवा कान तेवढा शाबूत होता. त्या एका कानाच्या जोरावर लेन शेजारच्या हॅमट्रॅमिक गावातल्या बारमधली गाणी टेप करायला लागला. वाजवणारी पोरं म्हणायची, "लेनच्या टेपमध्ये भिंतीचा घामसुद्धा ऐकू येतो."

त्याचा जीव होता कर्टिस आणि गेल या जोडीवर. कर्टिस गिटार वाजवायचा आणि गायचा, गेल ड्रम बडवायची. तिसरं कुणी नाही. शाळेपासूनचे दोस्त, गेलच्या आईच्या गॅरेजमध्ये बर्फाच्या फावड्यांशेजारी वाजवून मोठे झालेले. कर्टिसला दारूचं व्यसन होतं. सोडायचा, पुन्हा धरायचा. त्या हिवाळ्यात मात्र तीन महिने तो दारूला शिवला नव्हता.

फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. त्याचीच रेकॉर्ड निघायची होती. पहिली सहा गाणी अशी झाली, की टेपच्या मशीनपाशी बसलेल्या लेनच्या अंगावर काटा आला. सातव्या गाण्यात कर्टिसची जीभ अडखळली. गिटार गळ्यात लोंबकळायला लागली. तो गुडघ्यांवर आला तशी माणसं हसली. स्टेजवर लोळायची त्याची खोड सगळ्यांना ठाऊक होती. लेनच्या हेडफोनमध्ये मात्र अगदी हळू आवाज आला, "गेल, हात हलत नाहीये माझा."

लेननं मान वर केली, मग पुन्हा मशीनवरच्या आवाज दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं. काटा जागेवर होता. नाटक असेल, असं त्याला वाटलं. ड्रमचा जोर वाढला, लोकांनी ठेका धरला. कर्टिस आडवा झाला. तो उठत नाही हे ध्यानात यायला चार मिनिटं लागली.

मेंदूतली शीर फुटली होती. तिसऱ्या दिवशी कर्टिस गेला. एकतीस वर्षांचा होता.

महिन्याभरानं रेकॉर्ड काढणाऱ्या माणसाचा फोन आला. "शेवटचं कापू नका हं. लोक तेच ऐकायला घेतील." लेननं फोन ठेवला आणि गेलला बोलावून घेतलं.

ती आली ती कोट न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली.

"गेल, एक सांगायचंय. त्या दिवशी तो बोलला ते मी ऐकलं होतं. ऐकून बसून राहिलो."

"काय बोलला?"

"हात हलत नाहीये म्हणाला."

"मीही ऐकलं, लेन. मला वाटलं, पुन्हा ढोसून आलाय. इतका राग आला. त्याचा आवाज दाबायला मी जोरात वाजवलं."

"तुला काय माहीत होतं, पोरी?"

"मग तुम्हाला काय माहीत होतं?"

लेननं कॉफी ओतली, ती तशीच गार झाली.

"ते त्याच्या आईच्या कानावर जाऊ द्यायचं नाही," गेल म्हणाली.

लेननं तिच्यासमोरच ब्लेड घेऊन सहाव्या गाण्याच्या टाळ्यांनंतर टेप कापली. उरलेला तुकडा गेलनं सिंकमध्ये पेटवला. घरभर घाण वास सुटला, दोघं खोकत राहिले, खिडकी कुणी उघडली नाही. रेकॉर्डवाला चिडला, पण सहा गाण्यांची छोटी रेकॉर्ड त्यानं काढली. कर्टिसची आई ती रोज लावते, असं शेजारी सांगतात.

गेल आता एका बेकरीत पहाटेपासून पीठ मळते. तिनं ड्रम विकले. लेननं मशीन चर्चला देऊन टाकलं. टेप जळाली म्हणून ऐकलेलं थोडंच जळतं? झोपताना तो उजवा कान उशीत दाबून झोपतो. तरी ऐकू येतं.