फडकं कुणाला दिलं?

दुबईला निघालो तेव्हा मला सोडायला आपले बास्केटबॉलचे सर ग्राउंडवरून थेट नागपूर स्टेशनवर आले होते. गळ्यात शिट्टी तशीच, बुटांवर ओल्या धुळीचे ठिपके. आईनं दिलेली डब्याची पिशवी त्यांनी माझ्या हातातून घेतली, सीटखाली नीट सरकवली आणि म्हणाले, "दोन वर्षं ना बे? जा. तोवर मी थांबतो. मंग ग्राउंड तुझं."

मी मान हलवली. विचारलं, "मंगला नाही आली?"

"ती कशी येणार? आज पाणी कोण मारणार मंग?"

आपल्या बास्केटबॉलच्या ग्राउंडचा तो नियम जुन्या टीममधल्या तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. कोर्ट सिमेंटचं, दिवसभर तापलेलं. प्रॅक्टिसच्या आधी कॅप्टननं खराट्यानं झाडायचं, मग पाइप धरून पाणी मारायचं. इतरांनी शिंतोड्यांत नाचायचं. पाइप ज्याच्या हातात, ग्राउंड त्याचं, असं सर म्हणायचे. बरीच वर्षं तो माझ्या हातात होता. जायच्या दिवशी तो कुणाकडे द्यायचा हे मला सुचलंही नाही. मुलींच्या टीममधल्या मंगलानं कुणी न सांगता उचलला.

आणि आज लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो. त्या प्लॅटफॉर्मवरच मला माहीत होतं की मी परत येणार नाही. दोन वर्षांची गोष्ट सरांसाठी होती. त्यांच्या तोंडावर "नाही" म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मान हलवली.

दुबईत सुरुवातीला अल क्वोजला कंपनीच्या अकोमोडेशनमध्ये एका खोलीत सहा जण राहायचो. सकाळी कंपनीची बस जबल अलीला न्यायची. तिथं एका जपानी कंपनीच्या वेअरहाऊसमध्ये मी शिपिंगचं काम बघायचो. बसचा ड्रायव्हर आणि ट्रान्सपोर्टचा सर्वेसर्वा डॉमनिक, वसईचा. पहिल्या आठवड्यात त्यानं मला तीन शब्द शिकवले. घाई असेल तर यल्ला, काम संपलं की खलास, आणि होणार की नाही ते सांगायचं नसेल तर इन्शाल्ला. पहिले दोन मी बेतानं वापरले. तिसरा माझ्या फार कामाला आला.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, घरी फोन लावायचो. आई म्हणायची, "सर विचारत होते. काय सांगू?" मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला." आई म्हणायची, "म्हणजे काय रे?" मी म्हणायचो, "म्हणजे देवाची इच्छा असली तर." आई जेवलास का विचारायची. तिला देवाची इच्छाही ठाऊक होती आणि माझीही.

दोनाची चार वर्षं झाली. लग्न झालं, करामा भागात भाड्याचा फ्लॅट झाला, मुलगी झाली. सरांचे गुडघे गेले. प्रॅक्टिस मंगलाच घ्यायला लागली. ती एका शाळेत तात्पुरती शिकवायची; शाळा सुटली की ग्राउंडवर, अंधार पडेपर्यंत. क्लबची मंडळी सरांना म्हणाली, रीतसर तिला कोच करा, मुलं तिचंच ऐकतात. सर म्हणाले, "माझा माणूस दुबईत आहे. येऊन राह्यला तो." त्यामुळे मंगला तशीच राहिली. काम सगळं तिचं आणि नाव कुणाचंच नाही. दुसऱ्या एका शाळेनं तिला पक्की नोकरी देऊ केली होती, तिलाही ती हो म्हणत नव्हती, कारण ग्राउंड उघडं पडेल. हे सगळं मला आईकडून कळायचं. आणि मी म्हणायचो, इन्शाल्ला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका जानेवारीत जपानहून आमच्या कंपनीची बास्केटबॉल टीम दुबईला आली. तिकडे मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या टीम असत, खेळाडू पगारावर. इथं थंडीत दहा-बारा दिवस प्रॅक्टिस आणि एक छोटी टूर्नामेंट. मी कधीतरी बॉसला म्हटलं होतं की मी खेळायचो. त्यानं सरळ सांगितलं, "यू टेक केअर ऑफ देम."

टीमचे हेड कोच मोरिता-सान, म्हणजे मोरिताजी. साठीकडे झुकलेले, बुटके, आवाज खर्जातला. तरुणपणी याच टीमकडून खेळले, आणि खेळणं थांबलं तेव्हापासून हिचेच कोच. खेळाडू त्यांच्या पाठीमागे म्हणत, फॅक्टरीच्या पायाबरोबरच यांनाही पुरलंय. टीम हरली होती, जिंकली होती, मंदीत बंद पडता पडता वाचली होती. हे हलले नव्हते.

पहिल्या प्रॅक्टिसनंतर मी हॉलमध्ये गेलो तर काय, सहा-सहा फुटांचे खेळाडू ओली फडकी दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून, वाकून, या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत लाकडी फ्लोअर पुसतायत. आणि त्यांच्यात मोरिता-सान, गुडघ्यांवर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे आपले, आणि फरशी पुसतायत! इथं राहून एक गोष्ट अंगात मुरते. कुठलं काम कुठल्या देशातला माणूस करतो हे डोळ्यांना आपोआप दिसायला लागतं. मी धावत जाऊन दोन क्लीनर बोलावून आणले आणि मोरिता-सानच्या हातातलं फडकं अक्षरशः ओढून घेतलं. "नो नो सर, प्लीज, वी हॅव पीपल."

मोरिता-साननी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, मुलाकडे बघावं तसं. क्लीनरना त्यांनी वाकून नमस्कार केला, माझ्या हातातून फडकं परत घेतलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "टुमॉरो, हू प्ले हिअर? वुई प्ले. सो, वुई." मग विचारलं, "यू प्लेअर, यस? युवर कोर्ट, हू क्लीन?"

मी म्हटलं, "ग्राउंड स्टाफ."

खराटा, पाइप, सर, मंगला, सगळं त्या दोन शब्दांखाली गाडून टाकलं. कुणी विचारायला येणार नव्हतं. तरी कान तापले.

शेवटच्या दिवशी टीममधला सर्वांत जुना खेळाडू निवृत्त होणार होता. प्रॅक्टिस संपली तशी बाकीचे कडेला रांगेत उभे राहिले. त्यानं एकट्यानं मधलं वर्तुळ पुसलं, सावकाश. फडकं पिळलं, घडी केली आणि एका नव्या पोरापुढे जाऊन दोन्ही हातांनी दिलं. काहीतरी बोलला, वाकला. पोरगं रडत होतं, पण घेताना त्याचे हात नीट पुढे आले. मोरिता-सान माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "ही से, आय गो, नाऊ यू. ऑलवेज लाइक धिस." मग सहज, गप्पा मारल्यासारखं त्यांनी विचारलं, "यू लीव्ह इंडिया. यू गिव्ह क्लॉथ टू हू?"

ओळ करून सगळे रिकाम्या कोर्टापुढे वाकले. मीही वाकलो, आणि वर यायला मला जरा वेळच लागला.

त्यांना एअरपोर्टला सोडून येताना मी डॉमनिकच्या शेजारी बसलो होतो. पहिल्यांदाच त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हबीबी, राग येईल तुला, पण बोलतो. इथली माणसं इन्शाल्ला म्हणतात ना, ती देवावर सोपवतात. तू सरांच्या डोक्यावर ठेवलंस. परत जायचंय तुला?"

"नाही."

"मग माझ्याकडे बघून काय बोलतोस? त्यांना बोल ना!"

त्या शुक्रवारी मी आईला म्हटलं, सरांना घरी बोलावून घे. फोनवर आधी त्यांचा खोकला आला, मग आवाज. "काय बे, केव्हा येऊन राह्यला?"

मी उभा राहिलो. का कोण जाणे, बसून बोलवेना. म्हटलं, "सर, मी येणार नाही. कधीच येणार नव्हतो. स्टेशनवर खोटं बोललो. पाइप मंगलाचा आहे. तिला शिट्टी द्या."

पलीकडून पुन्हा खोकला आला.

"पाच सेकंदाचा नियम आठवतो काय तुला?" सर म्हणाले.

आठवत होता. समोर गडी उभा असताना बॉल हातात धरून पाच सेकंद थांबलं, ना पास, ना ड्रिबल, ना शॉट, की शिट्टी वाजते आणि बॉल जातो.

"किती वर्षं धरून उभा होता बे? अन् ती पोरगी मोकळी उभी होती समोर. आम्ही सारे आपले तुझ्या हाताकडे पाहून राह्यलो." मग आवाज जरा उतरला. "मलाही दिसत होतं. मीही शिट्टी वाजवली नाही. ठेव आता. बिल वाढते तुझं."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही मागितलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांसमोर शिट्टी मंगलाच्या गळ्यात घातली. ती मला त्यानंतर एकदाच फोनवर भेटली. म्हणाली, "दादा, चार वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी तुला पेढे पाठवले असते." तेवढंच. पेढे आले नाहीत, आणि तेच बरोबर होतं. दुसऱ्या शाळेची नोकरी तोवर तिच्या हातून गेली होती. ते नुकसान माझ्या नावावर आहे, आणि तुम्हा सगळ्यांना हे माझ्याच तोंडून कळावं म्हणून इतकं लिहिलं.

फोन ठेवला त्या दिवशीच मी ठरवलं की न केलेल्या कामाचा नुसता पश्चात्ताप करत बसायचं नाही. डॉमनिकच्या ओळखीनं अल क्वोजमधल्या एका वर्कशॉपचं मागचं आवार मिळालं. त्यानंच लोखंडी खांबाला रिंग वेल्ड करून दिली. शुक्रवारी सकाळी आमची आणि शेजारपाजारची पोरं जमायला लागली: मराठी, मल्याळी, फिलिपिनो, एक सुदानी. आवारात रात्रभर वाळू साचते. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांच्या हातात झाडू दिले.

माझी ईशा पाच-सहा वर्षांची झाली तेव्हा तीही यायला लागली. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, व्हाय कान्ट द वॉचमन डू इट?"

"वॉचमन खेळणार आहे का इथं?"

तिनं विचार केला. "नो."

"मग?"

आता मी सिलिकॉन ओएसिसमध्ये राहतो, उंच टॉवरमध्ये. खाली छान रबरी कोर्ट आहे, ते झाडायला माणसं आहेत. मी तरी शुक्रवारी अल क्वोजलाच जातो. कुणी विचारतं, घर कुठलं? पूर्वी मी नागपूर म्हणायचो आणि मन खात राहायचं. आता तसं म्हणत नाही. नागपूरचं ग्राउंड मंगलाचं आहे. माझं घर ही वाळू, जी आज झाडली तरी पुढच्या शुक्रवारी पुन्हा येणार आहे.

इथूनही कधीतरी जावं लागेल. या देशात कुणी कायमचं राहत नाही. पण यावेळी कसं जायचं ते मला माहीत आहे. मधलं वर्तुळ स्वतः झाडीन, झाडू दोन्ही हातांनी कुणाला तरी देईन, आणि त्याच्या डोळ्यांत बघून सांगेन: मी चाललो. परत येणार नाही. आता हे तुझं.