डाव्या चाकाचा दोष

आमचे हे एका लाकूड ठेकेदाराची मोटार हाकायचे. मोटार लढाईच्या आधीची, छपराला ठिगळ लावलेली, आणि मालकापेक्षा जास्त कुरकुरणारी. पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी पहिल्या बाळंतपणाला मूल गावाजवळच्या माहेरी गेले होते. मुलगी पाच महिन्यांची झाली तेव्हा हे मला न्यायला आले. गोंडपिपरीच्या पुढच्या जंगलात आमचा डेपो, आणि तिथवर लहान लेकराला बैलगाडीतून नेणं जिवावरचं. ठेकेदाराने मोठ्या मनाने मोटार दिली, असं हे सगळ्यांना सांगत होते. त्याला आमच्याकडचा बारीक तांदूळ फुकटात हवा होता, एवढंच.

येताना ब्रेक ढिले लागत होते, म्हणून दुपारी यांनी पुढचं डावं चाक खोलायला घेतलं. नट काही केल्या सुटेनात. गंज आणि चिखल यांचा दगड झाला होता. त्या मोटारीच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे. बाकी दुनिया ज्या बाजूला फिरवून सुटते, त्याच्या विरुद्ध फिरवायचे. बाबांना हे कुठलं ठाऊक! त्यांनी जावयाला मदत म्हणून पान्यावर सगळं अंग टाकलं, आणि नट होता त्याहून घट्ट करून ठेवला.

"उलटा फिरवा, मामाजी," हे म्हणाले.

"या नटाले तुमचाच गुण लागला, जवाई," बाबा हसत म्हणाले. "समजावून सांगावं तर अजून आवळते."

मग घासलेट ओतून वाट पाहिली, हातोड्याने चारी बाजूंनी ठोकलं, पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली. दोघं मिळून नळीवर उभे राहिले तेव्हा कुठे कडाड्‌ आवाज होऊन पहिला नट हलला. यांनी आत साफसफाई केली, चाक परत चढवलं, आणि ड्रमला समोरून जे बोटभर भोक असतं त्यातून पेचकस घालून आतली दातेरी चकती फिरवत बसले. जरा फिरवायची, चाक हाताने गरकन सोडायचं, कान द्यायचा. आत ब्रेकची पट्टी किंचित घासल्याचा खर्रर्र आवाज आला की काम झालं. तसा आवाज आला. हे खूश होऊन विहिरीवर हात धुवायला गेले.

तो आवाज मायनेही ऐकला.

आमच्या घरी लेक सासरी निघाली की तिच्या गाडीच्या आसाला मायने स्वतःच्या हाताने तेल घालायचं. मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल. माहेरचं तेल आसात असलं की गाडी वाटेत अडत नाही, असं म्हणायचे. सकाळी निघताना माय तेलाची वाटी घेऊन त्या डाव्या चाकाच्या भोकाशी बसलेली मी पाहिली. उठताना ती पदराला हात पुसत पुटपुटली, "माह्या पोरीची गाडी अशी कोरडी खरखरत जाईन काय?" मला भरून आलं होतं. मोटारीतलं मला तेव्हा काय कळत होतं!

बाबा आम्हाला पोचवायला येत होते. नातीला सोडवत नव्हतं त्यांना. ते पुढे यांच्या शेजारी बसले, मी मुलीला घेऊन मागे. जंगलातल्या एका नाल्याच्या उतारावर यांनी ब्रेक दाबला. उजवं चाक धरलं, डावं मोकळंच फिरत राहिलं, आणि मोटार आडवी होऊन सागाच्या झाडावर गेली. बाबांच्या बाजूचं दार उघडलं. ते खाली दगडांवर पडले होते, आणि उठले नाहीत.

मला रडू आलं नाही. मुलगी रडत होती, तिला मी तिथेच बसून पाजलं. लाकडाची गाडी येऊन बाबांना उचलेपर्यंत मी झाडाच्या सोललेल्या सालीकडे बघत होते. लोक म्हणाले, पोरीने धीर धरला. कसला धीर! आत काही हलतच नव्हतं.

बाबांचे दिवस झाल्यावर यांनी मोटार पडली होती तिथे जाऊन चाक खोललं. संध्याकाळी आतली पट्टी माझ्यासमोर धरली. चिकट, काळी, आणि तिला आमच्या स्वयंपाकघराचा वास.

"टोरीचं तेल आहे," मी म्हटलं.

"बाईंनी?" हे मायला बाईच म्हणायचे.

मी मान हलवली. आपलेच दात, आपलेच ओठ. यांनी ती पट्टी चुलीत टाकली. धूर फार झाला.

"हे बाईले कधीच कळू द्याचं नाई," हे म्हणाले.

आणि मायने विचारलंच. दारात, चार बायांसमोर. "आदल्याच दिवशी चाक खोललं होतं ना तुमी? मंग ब्रेक काऊन लागला नाई?"

"माह्याच हातून नीट बसला नाई, बाई."

मायने मग यांचं तोंड पाहणं सोडलं. आम्ही गेलो की ती पाण्याचा तांब्या यांच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवायची. पंचक्रोशीत सांगायची, "जवायानं माह्यं कुंकू पुसलं." ठेकेदाराने यांना मोटारीवरून काढून डेपोच्या राखणीला बसवलं. मोटार हाकणारा माणूस लाकडांवर बसून माशा वारायचा, आणि सासूचं नाव निघालं की म्हणायचा, त्यांचं बरोबर आहे. मला दोघांचाही संताप यायचा. पण तोही दूरचा, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. बाबांसाठी रडायचं तेवढं राहूनच गेलं.

मुलगी घरभर धावायला लागली त्या वर्षी माय न कळवता डेपोवर आली. नातीला जवळ घेतलं, यांनी दिलेलं पाणी यांच्याच हातून घेतलं, आणि म्हणाली, "जवाई, मी राग सोडला. माणसाच्या हातून होते चूक."

हे खाली बघत म्हणाले, "उपकार झाले, बाई."

मी भाकरी थापत होते. हात थांबले. वाटलं, आता सांगून टाकावं, या माणसाचं तरी मन मोकळं होऊ दे. मी तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात मायने पदराने डोळे पुसले. "तुमी मोठ्या काळजाचे, म्हणून जगले," ती म्हणाली. "तुमच्या जागी मी असती ना, तर त्याच दिवशी विहीर जवळ केली असती."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी तव्यावर टाकली.

"जेवून घ्या, बाई," हे म्हणाले.