अमेरिकेला हसणारे भाऊसाहेब

आमच्या गावच्या तलाठी कचेरीतले भाऊसाहेब कुणावर ओरडत नाहीत. "बस गो," म्हणतात आणि पुन्हा मोबाईलवर परदेशी वर्तमानपत्रं वाचू लागतात. सध्या त्यांच्या वाचनात अमेरिकेतलं वादळ चालू आहे. तिथल्या सरकारला इतर देशांचे पेपर कसे झोडपतात, ते शेजारच्या टेबलाला ऐकवतात आणि "एवढा पैसा, पण अक्कल नाय" म्हणत सुपारी कातरतात.

आमच्याकडच्या वादळात आमचं छप्पर उडालं. पंचनामा होईपर्यंत घराला हात लावायचा नाही, असं भाऊसाहेबांनीच सांगितलं, म्हणून आम्ही अजून ताडपत्रीखाली राहतो. काल मी सहाव्यांदा गेले आणि बाबांचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला.

"कॉलेजात जातेस ना?" भाऊसाहेबांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "ह्या ओळीचा अर्थ सांग बघू."

घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. इंग्रजी बेताचं. अडखळत सांगितलं, "लोक मदत मागत होते आणि अधिकारी त्यांच्याकडे कागद मागत होते."

"वा! लिहून घेतो. साहेबांना ऐकवूया."

त्यांनी बाबांचाच अर्ज उलटा केला, त्यावर सुबक अक्षरात माझं वाक्य उतरवलं आणि घडी करून खिशात ठेवला.

"भाऊसाहेब, आमचा अर्ज?"

त्यांनी ढीग चाळला. "दिसत नाय. नवीन लिहून आण."

"तुमच्या खिशात आहे," मी म्हटलं.

शेजारचं टेबल हसलं. भाऊसाहेबांनी कागद काढला, सुलटा केला आणि वाचू लागले. बहुतेक पहिल्यांदाच.