उचल म्हणणारी अक्का

अक्काचा राग नाकावर असतो हे खरंच, पण त्या सकाळी तिचं डोकं फिरलं त्याला कारण होतं. बत्तीस वर्षं ती आणि तिचा धाकटा भाऊ एकाच होडीतून खाडीत गळ टाकत होते. अक्का पाणी बघायची, भाऊ इंजिन आणि नांगर सांभाळायचा. जागा कधी सोडायची ते अक्का ठरवायची. ती "उचल" म्हणाली की भावानं नांगर उचलायचा, का म्हणून विचारायचं नाही. दिवसातून दहा-बारा वेळा हे चालायचं, म्हणून धक्क्यावर त्याचं नावच पडलं उचल्या. नवीन आलेला बर्फवाला चांगले दोन महिने त्याच्याशी खिसा धरून बोलायचा.

तिचं गणित सोपं होतं. आमिष कुरतडलेलं वर आलं तर थांबायचं, खाली कुणीतरी भुकेलं आहे. तीनदा जसंच्या तसं आलं तर निघायचं, मग जागा कितीही लाडकी असो. आणि ओहोटी लागली की आतल्या उथळ पाण्यात घुटमळायचं नाही, सरळ खाडीचं तोंड गाठायचं. बारीक मासळी तिकडे वाहत जाते आणि मोठी तिच्या मागे लागते. हे शिकायला तिनं आयुष्य घातलं होतं. होडी काय, कुणीही चालवतं. अक्काची होडीतली जागा होती ती 'उचल' या एका शब्दामुळे.

आणि गेल्या महिन्यात या शहाण्यानं मासे दाखवणारं यंत्र आणलं. पडद्यावर नुसते ठिपके.

"उचल," अक्का म्हणायची.

"थांब गं अक्का. खाली आहेत की, हे बघ."

"असतील. खात नाहीत. बसस्टॉपवर माणसं दिसली म्हणून काय ती जेवायला बसलीत?"

"अजून थोडा वेळ."

महिनाभर हेच. होडीत ती मूग गिळून बसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. आज पाणी ओसरायला लागलं होतं, चौथ्यांदा आमिष जसंच्या तसं वर आलं होतं, आणि हा पडद्याकडे बघत खांदा चोळत बसलेला. अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्या डब्यालाच अक्का म्हण आता," ती म्हणाली. "मला धक्क्यावर सोड. इतकी वर्षं माझ्या शब्दावर जगलास, आता तोच नको झाला तुला." आणि तिनं यंत्राची वायर उपटली.

भावानं मान खाली घातली. "उचलत नाही गं मला," तो म्हणाला.

"काय उचलत नाही?"

"नांगर. उजवा खांदा गेलाय. घरी निघताना एकदा कसाबसा काढतो, दुसऱ्यांदा जमत नाही. आणि तू दिवसातून दहादा 'उचल' म्हणतेस. म्हणून आणलं हे, काहीतरी सबब हवी होती."

अक्काला कीव यायला हवी होती. आला राग, आधीपेक्षा दुप्पट. महिनाभर ती स्वतःला निकामी म्हातारी समजत होती आणि हा गप्प बसून बघत होता.

"मेल्या, तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

तिनं दोर धरला आणि ओढला. भावानं डावा हात लावला. पण इतका वेळ एका जागी बसून नांगर चिखलात पार रुतला होता, तसूभर हलेना. पाणी तर भराभर बाहेर चाललेलं. अक्कानं आमिष कापायची सुरी घेतली आणि दोर कापून टाकला.

"अक्का, नांगर गेला."

"जाऊ दे. तुझ्या त्या ठिपक्यांना सोबत होईल. यापुढं पाण्याबरोबर वाहत जायचं आणि वाहता वाहता गळ टाकायचे."

होडी आपोआप खाडीच्या तोंडाकडे सरकायला लागली. भाऊ आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला. म्हणाला, "नांगर नाही, वाहायचं म्हणजे इंजिनही नको. मग माझं काय काम गं आता होडीत?"

महिनाभर रोज रात्री हेच ती स्वतःला विचारत आली होती. तिनं आपल्या गळाची दोरी त्याच्या डाव्या हातात कोंबली.

"मासा लागला की सांग," ती म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता. "आणि दुखलं की तेही सांग. पुन्हा लपवलंस तर थोबाडीत खाशील."