सुतळीच्या गाठी

प्रल्हाद शेवटचा घरी आला तेव्हा बसला नाही. अंगणातल्या कुंपणाजवळ उभा राहून वालाचा वेल बघत राहिला. "वेल झ्याक चढला बे सुध्या," एवढंच म्हणाला. वेल चढला होता तो त्याच्याच व्हॉलीबॉलच्या जाळीवर. पुढच्याच आठवड्यात चक्कीचा पट्टा चढवता चढवता तो कोसळला... दवाखान्यात न्यायलाही सवड मिळाली नाही.

दारव्ह्याला आमच्या वस्तीत त्याची पिठाची चक्की. आम्ही पहिलीपासूनचे सोबती. तो दहावीला अडकला, मी कचेरीत बाबू झालो. चक्कीमागच्या मोकळ्या जागेत त्याने दोन खांब रोवले, चक्कीतून वायर ओढून दिवा लावला. दिवेलागणीनंतर पोरं तिथे खेळायची. जाळी फाटली की हा पोत्याची सुतळी घेऊन गाठी मारत बसायचा, भुवयांवर पीठ तसंच. मी हसलो की म्हणायचा, "पोट्टं दमलं का सिद्दं घरी जाते बे. नाही दमलं का पुलावर जाऊन बसते."

शोकसभेत त्याला 'युवकांचा आधारवड' म्हटलं गेलं. म्हणणाऱ्यांत मीही होतो. तिथे जे बोललो नाही ते आता सांगतो.

माझा नितीन तेव्हा दहावीत होता आणि त्या घोळक्यात रमला होता. कोणाकोणाची पोरं त्यात! मला ते खुपायचं, पण मित्राला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. वीज कचेरीत ओळखीचा एक जण होता. त्याला फोन केला : चक्कीच्या मीटरवरून बाहेर वायर गेली आहे, माझं नाव मात्र येऊ देऊ नका. वायर निघाली, प्रल्हादला दंड पडला. त्याच संध्याकाळी तो आला, तोही माझ्याचकडे.

"कोनं सांगतलं असन बे?"

"मले काय मालूम? जाऊ दे न, पोट्टे अभ्यास तरी करतीन."

अभ्यास कोणी केला नाही. नितीनला मी अकोल्याला क्लासला धाडलं. बाकीच्यांना पूल होता. तिथे आधी मोबाइल, मग तंबाखू-सुपारीचा खर्रा, मग खर्र्याच्या पैशासाठी शेतातल्या मोटारींची केबल कापून तांबं विकणं. पकडले गेले त्यांत प्रल्हादचा सुमितही होता, सोळा वर्षांचा. त्याला निरीक्षणगृहात ठेवलं. भेटीला जाताना प्रल्हाद मला सोबत न्यायचा. "तू शिकेल माणूस, सायबाशी तूच बोल." मी बोलायचो. सुमित खाली बघत एकदाच म्हणाला, "काका, संध्याकाळी करमतच नव्हतं..."  ते का, हे मला ठाऊक होतं.

वस्ती म्हणायची, "लोकायचे पोट्टे खेळवले अन् सोताचं बिघडवलं." मी तेही ऐकून घेतलं. प्रल्हादने जाळी गुंडाळून चक्कीच्या कोपऱ्यात टाकली होती. वेलासाठी ती मीच मागितली. "ने ना बे, आता कोन खेळते?"

अग्नी सुमितने दिला; तोवर तो सुटून आला होता. मग माझ्या पाया पडला. "काका, बाबाचा तुमच्यावर लई भरवसा होता."

तेरवी झाल्यावर मी जाळी सोडवायला घेतली. म्हटलं, सुमितला नेऊन द्यावी आणि सांगून मोकळं व्हावं. वेल इतका गुंतलेला, की कापल्याशिवाय सुटेना. बायको म्हणाली, "थांबा न, शेंगा धरल्या." थांबलो. मला थांबायला तेवढंही पुष्कळ होतं. परवा त्या वालाची भाजी झाली आणि मी ती जेवलो.

हे लिहिलेलं छापून यायच्या आत सुमितच्या कानावर माझ्याच तोंडून जायला हवं, म्हणून आज सकाळी वेल मुळातून कापला. जाळीची दोरी ठिकठिकाणी कुजली आहे. सुतळीच्या गाठी तेवढ्या सगळ्या जागच्या जागी आहेत. जाळी गुंडाळून मांडीवर घेतली आहे... दिवेलागण झाली. चक्की चालू आहे, पट्ट्याचा आवाज इथवर येतो. आता ती सुमित चालवतो. मी अजून उंबरठ्यावरच बसलो आहे.