वरच्या मजल्यावरची घंटा

अगं ए, इकडे कान कर आधी! दिवसभर फोनवर असतेस, घाटकोपरला मावशीकडे यायला मात्र वेळ नाही.

आमच्या वर एक गृहस्थ राहतात. पाणी, कचरा, रेशन, शाळा अशा सरकारी धोरणांवरचं संशोधन गोळा करून ते इंटरनेटवर ठेवतात. फुकट वाचनालयच म्हण ना! कोणी अहवाल डाउनलोड केला, म्हणजे आपल्या फोनवर उतरवून घेतला, की त्यांच्या फोनवर देवळातली घंटा वाजते.

काहीही सांगा, चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "संदर्भ?" मी म्हटलं टोमॅटो महागले. "संदर्भ?" कोळीण म्हणाली पापलेट ताजं हाय. "संदर्भ?" तिने कल्ला उघडून त्यांच्या नाकासमोर धरला. "ह्यो बघ संदर्भ!"

परवा जिन्यात भेटले, चेहरा पार उतरलेला. "घंटा वाजतच नाही, काकू. कोणी वाचत नाही. रविवारी बंद करतो सगळं."

मला कसंतरीच झालं. सकाळी चष्मा लावला आणि देवनारच्या कचऱ्यावरचा अहवाल उतरवून घेतला. वर घंटा घणघणली, आणि अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून गृहस्थ खाली धावत आले.

"काकू, वाजली! कोणीतरी वाचतंय!"

मी म्हटलं, "संदर्भ?"

बंद करायचं नाव आता काढत नाहीत. रोज पोळ्या झाल्या की मी एक अहवाल उतरवते. कचऱ्याचा तर वाचूनही काढला, चांगलाय गं! पण रोज एकच घंटा, तीही पोळ्यांनंतर? संशय येणारच ना त्यांना. तेव्हा लवकर ये बाई, आणि फोन चार्ज करून आण.