क्लचवरचा पाय

आमच्या व्हॅनचा क्लच बिघडला, की घरातल्या सगळ्यांची नजर आधी माझ्या डाव्या पायाकडे जायची.

नवरा कुरकुंभच्या कारखान्यात पाळीवर, म्हणून शेतातली भाजी दौंडच्या बाजारात पोचवायचं काम माझ्याकडे आलं. लायसन्स मी चाळिशीत काढलं. व्हॅन जुनी, खडखडाट करणारी, पण गाव मागं पडलं की मी मोठ्यानं गाणी म्हणायचे. मागच्या भेंडीनं कधी तक्रार केली नाही. आठवड्यातला तेवढाच वेळ मला माझा वाटायचा.

त्या उन्हाळ्यात पेडलनं छळ मांडला. दाबलं की खाली जायचं आणि तिथंच बसायचं. चपलेच्या टोकानं उचलून वर आणावं लागे. रिव्हर्स टाकायला गेलं की अशी करकर व्हायची, की सगळा बाजार वळून बघायचा.

"क्लचवर पाय ठेवून चालवतेस तू," नवरा म्हणाला. "प्लेट जाळलीस."

"अहो, गाडी चांगली ओढतीये. गिअर तेवढा पडत न्हाई. मग प्लेट कशी?"

"नाचता येईना अंगण वाकडं!"

बदलली प्लेट. आठवडाभरात पेडल पुन्हा तळाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मग दौंडच्या मेकॅनिकनं पेडलजवळच्या सिलिंडरचे रबर बदलले, नंतर गिअरबॉक्सजवळच्याचे. दर वेळी थोडे दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. दर वेळी घरी येऊन मी माझ्या पायावरचं तेच व्याख्यान ऐकायचे. शेवटी नवऱ्यानं चावी स्वतःच्या खिशात टाकली. "आता एकदाच दुरुस्त करू. परत बिघडली तर ड्रायव्हर ठेवायचा. तू घरी बस."

माझ्या बाजूनं बोलणारे एकटे सासरे. "तिचा पाय बरा हाय," आबा म्हणायचे, "गाडीच म्हातारी झालीया." बाजारच्या दिवशी सकाळी तेच काच पुसायचे, हवा बघायचे, बॉनेट उघडून तेलपाणी बघायचे. आबांच्या त्या एका वाक्याचा मला फार आधार होता.

शेवटच्या खेपेला आम्ही तिघंही गॅरेजला गेलो. मेकॅनिकनं सिलिंडर खोलला. नुकतेच बसवलेले रबर फुगून भज्यासारखे झाले होते. त्यानं बॉनेटखालच्या क्लचच्या तेलाच्या डबीत बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं.

"ह्यात ब्रेक ऑइल लागतं. हे ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक तेल कुणी घातलं? ह्यानंच रबर फुगत्यात."

नवरा माझ्याकडे वळला. "किती वेळा सांगितलं तुला, कळत नसेल तर हात लावू नये!"

"म्या घातलं," आबा म्हणाले. "क्लच हायड्रॉलिकच हाय म्हणला न्हव्हं हा माझा पोरगा? मग ट्रॅक्टरचंच घालत हुतो, डबीतलं तेल उतरलं की जरा जरा. सूनबाई वाटंत अडकू नये म्हनून."

नवरा हसला. चक्क हसला! "असू द्या आबा, चालायचंच. तेलातलं तेल कुणाला कळतंय?"

माझं डोकं भणभणलं. आबांचा राग आला, पण तो टिकला नाही. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. त्या हसण्याचा राग मात्र आजही तसाच आहे. सगळा उन्हाळा मी न केलेल्या चुकीची बोलणी खाल्ली, आणि ज्यांनी ती चूक केली त्यांच्या वाट्याला 'चालायचंच'!

मेकॅनिकनं पाइप धुतले, रबर नवे घातले, ब्रेक ऑइल भरलं. आता आतली हवा काढायची होती. त्यासाठी कुणीतरी पेडल मारायला हवं. नवरा दाराकडे निघाला, पण मी आधीच सीटवर जाऊन बसले होते.

"दाबा वहिनी," गाडीखालून आवाज आला. "सोडा. दाबा. दाबून धरा."

धरलं. हळूहळू पेडल पायाखाली घट्ट झालं.

काम संपल्यावर मी हात पुढं केला. "चावी."

नवरा खिसा चाचपत राहिला.

"दे तिला," आबा म्हणाले आणि व्हॅनमध्ये मागं रिकाम्या क्रेटवर जाऊन बसले. त्यानं चावी दिली.

परतीच्या रस्त्यावर गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. नवरा शेजारी ताठ बसला होता. मी गिअर बदलला की त्याचा डावा पाय नुसत्या पत्र्यावर दाबला जायचा. वळण आलं की दाब, गतिरोधक आला की दाब. गाव येईस्तोवर मी सोसलं.

मग म्हणाले, "अहो, पाय काढा क्लचवरनं."